दातावरचं वजन

१

टेलरबाई गाडी चालवायला शिकल्या त्या काही हौसेनं नाही. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कोण हौसेनं स्टिअरिंग धरतं? त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे मास्तरांच्या, दोन्ही किडन्यांनी हात टेकले आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस नशिबी आलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ ते बारा. सुरुवातीला टॅक्सीनं जायचे. पण चार तास मशीनवर पडून उठलं की मास्तरांचा रक्तदाब असा काही खाली यायचा की डोळ्यांपुढे अंधारी. एकदा त्यांना टॅक्सीतच उलटी झाली आणि त्या भल्या माणसानं दोघांना भर रस्त्यात उतरवलं. दीड तास बाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन फुटपाथवर बसल्या होत्या. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी शिलाई मशीनवर कव्हर टाकलं आणि जाहीर केलं, "मी गाडी शिकणार."

"तू?" मास्तर म्हणाले. "अगं, तुला सायकलवरून उतरायला भिंत लागायची!"

"तेव्हा भिंत होती. आता तुम्ही आहात ना, तुम्हाला धरून उतरेन."

डावा गुडघा कामातून गेलेला, क्लच झेपणार नाही, म्हणून ऑटोमॅटिक घेतली. राखाडी रंगाची, सेकंडहँड, पण टुणटुणीत. उजवा पाय तर बाईंचा तयारच होता, तीस वर्षं मशीनचं पायडल दाबून. शिकायला बाकीच्यांना लागतात त्याच्या निम्मे दिवस लागले. मास्तर पुढे शेजारी बसून त्यांना ड्रायव्हरबाई म्हणायला लागले.

डायलिसिस सेंटरच्या खाली तळघरात पार्किंग होतं. लिफ्टच्या अगदी जवळची चौदा नंबरची जागा पेशंटसाठी राखलेली. बाई गाडी उलटी लावायच्या, पाठ भिंतीकडे, म्हणजे परत निघताना सरळ बाहेर. ब्रेक दाबायचा, लिव्हर पार्किंगच्या P वर, हँडब्रेक ओढायचा, गाडी बंद. मग मास्तरांना हात देऊन लिफ्टपर्यंत सोळा पावलं. वर सिस्टर आधी वजन करणार, मग सुया. परतताना पुन्हा वजन, हातावर कापसाचा बोळा, पुन्हा सोळा पावलं. दीड वर्ष हेच चाललं होतं आणि बाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग एका बुधवारी निघताना त्यांनी लिव्हर P वरून काढली आणि गाडीच्या पोटात मोठ्यानं खट् झालं. गाडी हिसका देऊन वीतभर पुढे गेली.

"काय तोडलंस?" डोळे मिटूनच मास्तरांनी विचारलं.

"काही नाही हो. पडा तुम्ही," बाई म्हणाल्या.

२

गाडी ज्याच्याकडे नेली तो मिस्त्री नुसता गिअरबॉक्सच उघडायचा, बाकीच्या कामाला हात लावायचा नाही. गॅरेज बारकंसं, पण माणूस नीटनेटका. नट काढला की ताटलीत ठेवायचा आणि ताटलीवर फडकं. बोलायला मात्र एकदम तिखट.

"ताई, उतारावर लावता का गाडी?"

"नाही हो. तळघरात. सपाट जमीन."

"मग खट् होणार नाही. सपाटावर होतच नाही." त्यानं टेबलाखालून जुना सुटा गिअरबॉक्स ओढून काढला आणि आत बोट घातलं. "हे बघा. हे चाक, याला खाचा. आणि हा दात. तुम्ही P टाकलात की हा दात खाचेत पडतो, बास. एवढीशी गोष्ट. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठी. आख्खी गाडी हा धरून ठेवतो. उतारावर लावली आणि हँडब्रेकच्या आधी P टाकलं, की गाडीचा सगळा भार या बिचाऱ्यावर. मग काढताना तो भाराखालून निसटतो, म्हणून खट्. रोज असं केलं तर एक दिवस तुटणार. मग बसा बोंबलत."

"पण जमीन सपाट आहे म्हणते ना मी!"

"सगळे असंच म्हणतात. जमीन सपाट दिसते, असते कुठे?" आणि मग त्यानं शाळेतल्यासारखा धडा दिला. गाडी पूर्ण थांबवायची. ब्रेक दाबून ठेवायचा. आधी न्यूट्रल. मग हँडब्रेक, चांगला ओढून. मग ब्रेकवरचा पाय हळूच उचलायचा, गाडीला काय सरायचं ते सरू द्यायचं, हँडब्रेकवर बसू द्यायची. मग पुन्हा ब्रेक दाबून P. काढताना उलटं, आधी P काढायचं, हँडब्रेक शेवटी. "दातावर वजन येऊ द्यायचं नाही. दात नुसता पहाऱ्याला. कळलं? आणि गाडी थांबायच्या आत रिव्हर्स टाकत जाऊ नका. तेल मी बदललंय, ते काही जन्मभर पुरत नाही, कंपनी काही का म्हणेना."

बाईंनी मान डोलावली. त्यांना असली शिस्त आवडायची. काजाच्या आधी बटण लावणाऱ्या मुलींना त्यांनी कामावरून घालवलं होतं.

शुक्रवारी त्यांनी सगळं पाठ म्हटल्यासारखं केलं. न्यूट्रल, हँडब्रेक. मग पाय उचलला. सपाट जमिनीवर गाडीनं काय करायला हवं? काहीच नाही. पण गाडी पुढे सरली. अगदी हळू, चार बोटं, आणि हँडब्रेक करकरला. दाराच्या चौकटीला माणूस टेकून उभं राहावं तसं मागून काहीतरी टेकलं आणि तिथंच राहिलं.

बाईंनी आरशात पाहिलं. मागे भिंत, पिवळ्या रंगात चौदा, आणि भिंतीच्या वर एक ट्यूबलाइट. बाकी काही नाही.

३

बाई काही घाबरट नव्हत्या. त्यांनी डोकं चालवलं. जमीन सपाट दिसते आणि नसते, मिस्त्री म्हणतोच. सोमवारी मास्तरांना वर मशीनवर लावलं आणि खाली येऊन त्यांनी पर्समधून बाटली काढली, अर्धी पाण्याची. बाटली आडवी ठेवली चाकापाशी. ती जागची हलली नाही. मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली, दाराकडे करून ठेवली. बाटली तशीच. दोऱ्याचं रिकामं रीळ ठेवून पाहिलं, फुंकर घातली तेवढंच ते लवंडलं आणि थांबलं.

"काय सांडलं का काकू?" वॉचमन लांबून ओरडला.

"नाही हो, रीळ पडलं," त्या म्हणाल्या, आणि आपल्यालाच लाज वाटली त्यांना. लोक काय म्हणतील, बाईचं डोकं फिरलं.

मग त्यांनी शिवणाचा खडू काढला. पुढच्या चाकाला, जिथं रबर जमिनीला टेकतं तिथं, टायरवर एक रेघ मारली आणि तीच रेघ सरळ खाली जमिनीवर ओढली. मापात त्या कधी चुकत नसत. चारही चाकांना असंच केलं. गाडी P वर, हँडब्रेक शेवटच्या टोकाला. किल्ली पर्समध्ये. वर गेल्या.

मास्तर पेपर वाचत होते, एका हातानं, कारण दुसरा मशीनला बांधलेला. "इतका वेळ कुठं होतीस?"

"खाली."

"खाली काय ठेवलंय? त्या वॉचमनशी सूत जुळलं का?"

"चूप बसा. रक्तदाब वाढेल." त्या हसल्या, पण खडूनं माखलेले हात त्यांनी पदराखाली लपवले.

बाराला खाली आल्यावर आधी त्यांनी मास्तरांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, आणि चप्पल नीट करायच्या निमित्तानं वाकल्या. टायरवरची रेघ होती तिथंच, अगदी तळाशी. म्हणजे चाक फिरलेलं नव्हतं. जमिनीवरची रेघ मात्र दोन बोटं मागे राहिली होती. मधल्या सिमेंटवर काळा पट्टा उमटला होता, रबराचा.

चाकं न फिरता गाडी पुढे आली होती. कोणीतरी घासत आणली होती, सकाळपासून, चार तास, जराही उसंत न घेता.

बाईंनी पट्ट्याला बोट लावलं, ते काळं झालं. त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. "अगं, चल ना," आतून मास्तर म्हणाले, "गरगरतंय मला." तेव्हा कुठं त्या भानावर आल्या.

४

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर जागा बदलायची. बदलली ना! बाईंना काय हौस होती? बुधवारी त्यांनी गाडी वर, उघड्यावर लावली, सेंटरच्या मागच्या आवारात. मागे भिंत नाही, झाड नाही, खांब नाही, नुसतं मोकळं डांबर. मास्तरांना सोळाऐवजी साठ पावलं चालवलं. चाळीसाव्या पावलाला ते थांबले आणि म्हणाले, "ड्रायव्हरबाई, पेट्रोल संपलं." ओठ निळसर झाले होते. सिस्टर बाईंवर कडाडली, "त्यांच्या फुप्फुसात पाणी साचतंय, कळत नाही का तुम्हाला? इतकं चालवायचं नाही! आता डायलिसिसचा एक खाडा झाला ना, तरी जिवावर बेतेल."

आणि एवढं करूनही परतताना पुन्हा तो पट्टा. दोन नाही, या वेळी चार बोटं.

म्हणजे ते भिंतीत नव्हतं. त्या तळघरातही नव्हतं. ते गाडीच्या मागे होतं.

त्यानंतर ते सगळीकडेच सुरू झालं. औषधाच्या दुकानापुढे पाच मिनिटं गाडी लावली, तरी पाय उचलला की तो भार येऊन टेकायचा. शिवलेले पडदे पोचवायला गेल्या, तिथंही. आणि एका संध्याकाळी आपल्याच बिल्डिंगखाली, त्यांच्या नेहमीच्या जागेत. चालू गाडीत काही जाणवायचं नाही. गाडी थांबली की मागून यायचं, जसं मागं पडलेलं माणूस चालत चालत गाठतं तसं. सुरुवातीला त्याला यायला दोनेक मिनिटं लागायची. मग एक. मग बाईंनी पाय ब्रेकवरून उचलायच्या आधीच ते हजर.

बाई स्वतःशी वाद घालायच्या. हँडब्रेकची तार ताणली असेल. टायर गरम झाले की फुगतात म्हणे. आपल्याला मेलं काय कळतं यंत्रातलं? शिलाई मशीनचा धागा तुटला तर सुई बघायची एवढंच आपल्याला ठाऊक. त्या पुन्हा मिस्त्रीकडे गेल्या. त्यानं गाडी उचलून खालून पाहिली आणि हात पुसत बाहेर आला.

"ताई, गाडीनं काही ओढता का? ट्रेलर वगैरे?"

"मी? ट्रेलर?"

"मग हँडब्रेकचे पॅड दोन महिन्यांत असे कसे झिजले?" त्यानं दात तपासला होता. कड गोल झाली होती, पण शाबूत होता. "आता दातावरच आहे सगळं. हा आहे तोवर आहे."

मास्तरांना त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्यांचा रक्तदाब, त्यांचं हृदय, त्यांचं मोजून पिण्याचं पाणी, सगळं बाईंच्या डोक्यावर. त्यात हे कुठं सांगायचं, आणि सांगायचं तरी काय? रात्री अंथरुणावर त्या कुशीवर वळून मास्तरांच्या हातातल्या शिरेला बोट लावायच्या. तिथं मांजर गुरगुरावं तसं रक्त गुरगुरत असतं, डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून केलेली जोडशीर. ती गुरगुर लागली की त्यांना झोप यायची.

५

गाडीच्या पुढच्या पडद्याचं, स्टिअरिंगशेजारच्या स्क्रीनचं, मी सांगितलं नाही. लिव्हर P वरून पुढे जायच्या D वर न्यायची तर मध्ये रिव्हर्सचा R लागतो. R वरून जाताना पापणी लवायच्या आत मागचा कॅमेरा चालू होतो आणि बंद होतो. पिवळ्या, लाल रेघा आणि मागचं दृश्य, झर्रकन येतं आणि जातं. रोज गाडी चालवणाऱ्याचं तिकडं लक्षही जात नाही. बाईंचंही जात नव्हतं.

पण त्या शुक्रवारी त्या चार तास गाडीतच बसल्या. वर गेल्याच नाहीत. मास्तरांना सांगितलं, पँटच्या कडेचं हेमिंग राहिलंय, खाली निवांत करते. चौदा नंबरच्याच जागेत, कारण साठ पावलं आता मास्तरांना चालवता येणार नव्हती. मांडीवर कुणाचीशी पँट, हातात सुई. एकही टाका धड पडला नाही.

भार होता. पाठीमागे सतत होता. गाडी बंद, आणि तरी मधूनमधून कुठंतरी पत्रा ताणल्यासारखा चुरचुरायचा. एकदा मागची काच अगदी बारीक वाजली. आरशात भिंत, चौदा, ट्यूबलाइट. त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "कोण आहे?" आपलाच आवाज ऐकून त्यांना रडू फुटलं. "काय हवंय? आमच्याकडं काय आहे घेण्यासारखं?"

भार थोडा वाढला.

आणि तेव्हा त्यांना एक गोष्ट सुचली, जी आधी सुचायला हवी होती. इतके दिवस त्या समजत होत्या की ते गाडीला ढकलतंय. गाडीशी त्याला काय करायचंय? गाडी मध्ये आली आहे, एवढंच. त्याला पुढे जायचंय. P वरचा तो बोटभर दात त्याला अडवून धरतोय. आणि आपण रोज बाराला येऊन, तो दात उचलून, त्याला थोडी थोडी वाट देतोय. नेमकी तेव्हाच, जेव्हा मास्तर शेजारी बसलेले असतात.

बारा वाजत आले होते. कसंही करून गाडी इथून काढायची, मास्तरांना दारातून परस्पर घ्यायचं, असं ठरवून त्यांनी गाडी चालू केली, ब्रेक दाबला आणि लिव्हर ओढली. घाईत ती R वरच अडकली.

पडदा लागला. पिवळ्या रेघा होत्या, लाल रेघ होती. भिंत नव्हती. रेघांच्या मागे सगळं भरून काहीतरी होतं, इतकं जवळ की त्याला कड नव्हती. राखाडी, ओलसर, आणि मधोमध एक घडी, गुडघ्याच्या आतल्या बाजूला पडते तशी. घडी हळूच मिटली. पुन्हा उघडली.

बाईंनी दोन्ही हातांनी लिव्हर P वर मारली.

दात खाचेत पडला. गाडी हादरली, पण थांबली. बाईंनी हँडब्रेक आणखी ओढला, किल्ली काढली, पर्स उचलली आणि पँट, सुई सगळं तिथंच टाकून त्या लिफ्टकडे पळाल्या. गुडघ्याचं भानही राहिलं नाही.

६

"गाडी बिघडली," त्यांनी मास्तरांना सांगितलं. "टॅक्सी बोलावलीय. वरच्या दारानं जाऊ."

टॅक्सीवाला बरा होता, काही बोलला नाही. मास्तर खिडकीला डोकं टेकून झोपले. बाईंनी वळून वळून मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता मोकळा होता. घरी आल्यावर त्यांचा जीव कितीतरी दिवसांनी भांड्यात पडला. असू दे ती गाडी तिथं. राहू दे P वर, जन्मभर. दात आहे तोवर आहे.

शनिवार चांगला गेला. त्यांनी दोन पडदे शिवले, मास्तरांना मोजून बर्फाचा खडा दिला, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या नकला ऐकून पोट धरून हसल्या. वॉचमनचा फोन आला, गाडी कधी नेणार म्हणून. "नेते, नेते," म्हणाल्या. "हात लावू नका फक्त कुणी."

रविवारी दुपारी पडदे पोचवून त्या परत आल्या, तर मास्तर खुर्चीत गालातल्या गालात हसत बसलेले.

"ड्रायव्हरबाई, उद्याची चिंता मिटली. तुझ्या मिस्त्रीला मी फोन केला. आला होता बिचारा सुट्टीच्या दिवशी, दुसरी किल्ली घेऊन गेला. म्हणतो, उचलून गॅरेजला नेतो, रात्रीत बघतो, सकाळी सातला दारात आणून देतो. टॅक्सीत तुझा चेहरा काय झाला होता, मी झोपलो नव्हतो हं."

बाईंनी चपला तशाच पायात ठेवून मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्रीनं उचलला तेव्हा मागे हातोडीचा आवाज येत होता.

"भाऊ, गाडी, गाडी P वरून काढू नका."

"ताई, आता मला शिकवा तुम्ही," तो हसला. "P वर ठेवून ओढली असती तर दात तुटला असता की नाही? मीच तुम्हाला सांगितलं होतं, दातावर वजन द्यायचं नाही. रीतसर न्यूट्रलला टाकली, मग उचलली."

"काय झालं?"

"खट् झालं एकदा. असं दणकन, मला वाटलं गेला दात. वॉचमन पळत आला. पण खरं सांगू? त्याच्यानंतर गाडी एकदम मोकळी. एका हातानं ढकलली मी. आता दहादा लावून काढून पाहिली, आवाज नाही की काही नाही. तुमच्या गाडीत आता काहीही नाही बघा ताई."

"तुम्हाला काही... तुमच्या अंगावरून काही गेलं का?"

"वारा आला थोडा. तळघरात असतो," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

बाईंनी उठून दाराच्या दोन्ही कड्या लावल्या. मग खिडक्या. मास्तर बघत राहिले. तळघर ते घर, गाडीनं पंचवीस मिनिटं. चालत येणाऱ्याला किती लागतात, ते बाईंना सांगता आलं नसतं.

७

सोमवारी सकाळी मास्तरांचे पाय सुजून दुप्पट झाले होते. शनिवार-रविवारचं पाणी. सोमवारी नेहमीच असं असायचं, पण या वेळी चेहराही सुजला होता आणि बोलताना दर चार शब्दांनी ते श्वास घ्यायचे. सात वाजले. खालून हॉर्न वाजला. दोनदा. बाईंनी खिडकीतून पाहिलं. राखाडी गाडी उभी होती आणि मिस्त्री बॉनेटला टेकून त्यांच्याकडे हात हलवत होता.

"चल," मास्तर म्हणाले. बूट पायात जाईनात, म्हणून त्यांनी सपाता घातल्या होत्या.

बाईंनी खालची कडी ओढली. ती हलली नाही.

दार आत उघडणारं. रोज ही कडी करंगळीनं सरकायची. त्यांनी वरची ओढून पाहिली. तीही नाही. कडी आपल्या खोबणीत ताठ, करकचून बसली होती, सगळं दार बाहेरून आत रेललं असावं तशी. चौकटीपाशी लाकूड अगदी बारीक चुरचुरलं.

त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. "भाऊ, वर आलात का? दाराला कोणी टेकलंय का बघता?"

"वर कुठं ताई, मी खालीच. जिना रिकामा दिसतोय. येऊ का?"

"नको!" त्या किंचाळल्या. "नका येऊ. तिथंच थांबा."

"कोणाशी बोलतेस? काय झालंय?" मास्तरांनी विचारलं.

आणि बाईंना आता लपवणं झेपेना. त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि घळाघळा रडत सगळं बोलून गेल्या. खडूची रेघ, काळा पट्टा, उघड्यावरचं डांबर, पडद्यावरची ती घडी. "मला फार भीती वाटते हो. ते तुमच्यासाठी आलंय. मी दार उघडणार नाही. मी उघडणार नाही!"

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही चेष्टा केली नाही. मग भिंतीला धरून धरून ते दारापाशी आले. त्यांच्या छातीतून पाण्याखाली बुडबुडे यावेत तसा आवाज येत होता. सात वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आणि आज नाही गेलो तर?" त्यांनी विचारलं.

एक खाडा झाला तर काय, ते सिस्टरनं दोघांनाही सांगितलेलं होतं.

"खिडकीतून मला काही उतरवता येणार नाही तुला," ते म्हणाले. "चौथ्या मजल्यावरून." त्यांनी हात वर करून बाईंचे डोळे पुसले, आणि मग सुजलेला तळवा दारावर ठेवला. खांदा लावला. त्यांना जाणवलं असावं, कारण त्यांचा चेहरा बदलला. पण ते मागे सरले नाहीत. "केवढं जड आहे गं," ते हलकेच म्हणाले.

"अहो, नको..."

"भार कडीवर आहे, म्हणून निघत नाही. आपण दोघं मिळून दार बाहेर दाबू. जरा सैल झालं की निघेल." त्यांनी श्वास घेतला. "मी तीन म्हटलं की तू ओढ."

बाईंनी एक खांदा दाराला लावला आणि कडी हातात धरली. मास्तर मोजायला लागले.